तक्रार कुणाकडे?

‘नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले, तर तक्रार कुणाकडे करायची?’ ही म्हण वर्गात सांगितली की मुले हसतात. काही मुली मात्र खाली पाहतात. म्हणीने मारहाणीला पावसाच्या पंक्तीत बसवले आहे. पाऊस हा कुणाचा गुन्हा नसतो. मग मारही गुन्हा राहत नाही. ‘भांड्याला भांडे लागायचेच’ म्हणताना मारणारा आणि मार खाणारी सारखीच भांडी ठरतात. जिच्यावर अन्याय होतो तिच्या तोंडी आपल्या भाषेने तक्रारीआधीच समजूत घालून ठेवली आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलेही नाही. याला अज्ञान म्हणणे सोयीचे आहे. मेहकरसारख्या तालुक्याच्या गावी ठाण्याची पायरी चढलेली बाई संध्याकाळपर्यंत माहेरच्या ओट्यावर चर्चेला येते. नवरा कोठडीत गेला तर चूल कशी पेटणार, धाकट्या बहिणीचे लग्न कसे जमणार, हा हिशेब तिला पक्का ठाऊक असतो. २००५च्या कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. पण ‘दिल्या घरी सुखी राहा’ या आशीर्वादात त्या हक्काचा उल्लेख नसतो.

याच जिल्ह्यातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येसाठी शिक्षा झाली आणि वृत्तपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीला दोषी धरले, तेव्हा ताराबाईंनी तोच आरोप पुरुषांवर उलटवला. म्हणजे बोलणारी बाई होती. तिचे काय झाले? टीका झाली, जोतीराव फुल्यांनी पाठराखण केली, पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्याला ज्ञात नाही. आणि हे पुस्तक स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणले ते १९७५ साली, तब्बल ९३ वर्षांनी!

म्हणून ‘बायका बोलत का नाहीत?’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. त्यात मौनाचा दोषही तिच्याच पदरात पडतो. बोलल्यावर ऐकणारे कोण होते, हे आधी विचारावे. साहित्याच्या अभ्यासकाला निदान एवढे करता येईल: ती म्हण पुढच्या वेळी वर्गात सांगताना हशा ओसरू द्यावा आणि त्यातला प्रश्न खराच प्रश्न म्हणून विचारावा. खाली पाहणाऱ्या मुलीला उत्तर देणारे कुणीतरी त्या वर्गात असायला हवे.