काळा शर्ट आणि ती बारा नावे

रविवारी सकाळी वस्तीतल्या मैदानावर गेलो की अर्धी पोरे ब्राझीलच्या पिवळ्या शर्टात दिसतात. पाठीवर खेळाडूचे नाव, आकडा, सगळे व्यवस्थित. शर्ट रस्त्यावरच्या गाडीवरून घेतलेला असतो आणि दोन धुण्यांत त्याचा रंग जातो. पण पोरांची निष्ठा पक्की असते. कोणता खेळाडू कोणत्या क्लबातून कोणत्या क्लबात किती पैशाला गेला, हे त्यांना तोंडपाठ आहे. तो शर्ट पिवळा कसा झाला आणि त्यापायी कुणाचा बळी गेला, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेले नाही. वर्तमानपत्रांची क्रीडा पानेही सांगत नाहीत. त्यांना गोल मोजायचे असतात.

आम्हाला आज या शर्टांबद्दलच लिहायचे आहे. कुणी म्हणेल, समाजापुढे एवढे प्रश्न उभे असताना तुम्हाला फुटबॉलचे कपडे सुचतात कसे? कपडा ही किरकोळ गोष्ट आहे असे ज्याला वाटते, त्याने आपल्या आजीला विचारावे. कोणी काय नेसायचे, कुठवर नेसायचे, कोणता दागिना घालायचा, हे या देशात गावाने ठरवलेले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदला असे सांगितले, ते काही फॅशन म्हणून नव्हे. अंगावरचे कापड बघून माणसाची पायरी ठरवणारी नजर त्यांना मोडायची होती.

आता ब्राझीलकडे वळू. रिओ दि जानेरो शहरात एक क्लब आहे, वास्को द गामा. नाव ऐकूनच वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. आपल्या किनाऱ्याला लागलेला तोच तो पोर्तुगीज खलाशी. गोव्यात त्याच्या नावाचे शहर आजही आहे. १४९८ साली तो भारतात पोचला, त्याला चारशे वर्षे झाली म्हणून १८९८ साली रिओतल्या पोर्तुगीज स्थलांतरितांनी नौकानयनाचा क्लब काढला आणि त्याला हे नाव दिले. क्लबचे रंग काळा आणि पांढरा, त्यावर लाल क्रूस. काळा म्हणजे पूर्वेचे अज्ञात समुद्र आणि तिरका पांढरा पट्टा म्हणजे भारताकडे येणारी सापडलेली वाट, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. म्हणजे आपल्याला गुलाम करणाऱ्यांची वाट त्या पट्ट्यावर रंगवलेली! ज्या देशाच्या जहाजांनी आफ्रिकेतून लाखो माणसे साखळदंडात ब्राझीलला नेली, त्या देशाच्या अभिमानाचे हे रंग. पुढे याच रंगांचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे.

ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १३ मे १८८८ रोजी. मालक मोकळे झाले, कारण आता गुलामाला जेवू घालण्याचीही जबाबदारी उरली नाही. सुटलेल्या माणसांना ना जमीन मिळाली, ना शाळा. त्याच सुमारास इंग्लंडला शिकून आलेली श्रीमंतांची पोरे फुटबॉल घेऊन आली. १९०२ साली फ्लुमिनेन्स क्लब निघाला, मग इतर निघाले. खेळ गोऱ्यांचा, मैदान गोऱ्यांचे, प्रेक्षकही टोप्या-टाय घातलेले. शहराबाहेरच्या बांगू या कापड गिरणीच्या क्लबाने १९०५ साली फ्रान्सिस्को कारेगाल या कृष्णवर्णीय विणकराला संघात घेतले. १९०७ साली लीगने कृष्णवर्णीयांची नोंदणी बंद केली, तेव्हा बांगूने लीगच सोडली. हा मान बांगूचा आहे. वास्कोच्या भक्तांनी तो त्यांच्याकडून काढून घेऊ नये.

फ्लुमिनेन्सची एक हकिकत तर फार बोलकी आहे. १९१४ साली कार्लोस आल्बेर्टो नावाचा मिश्रवर्णीय खेळाडू त्या संघात आला. तो तोंडाला तांदळाची पावडर लावून मैदानात उतरायचा, घामाने ती ओघळली की प्रेक्षक ‘तांदळाची पावडर’ म्हणून ओरडायचे, असे सांगतात. ती पावडर दाढीनंतर लावायची सवय होती, असाही खुलासा केला जातो. खुलासा काही असो, ओरडणाऱ्यांना काय म्हणायचे होते ते त्यांना ठाऊक होते. आडनाव बदलून शहरात खोली भाड्याने घेणाऱ्या आमच्या वाचकांनाही ते बरोबर कळेल.

वास्कोने फुटबॉल सुरू केला १९१५ साली. त्याआधी १९०४ सालीच या क्लबाने कान्दिदो जोझे दि अराउजो या मिश्रवर्णीय माणसाला अध्यक्ष निवडले होते. फुटबॉलचा संघ खालच्या विभागातून चढत चढत १९२३ साली पहिल्या विभागात आला आणि आल्या वर्षीच रिओचा विजेता झाला. सबंध मोसमात तो एकच सामना हरला, फ्लामेंगोशी. खेळाडू कोण? गोलरक्षक नेल्सन टॅक्सी चालवणारा. कुणी रंगारी, कुणी गोदीत काम करणारा, कुणी ट्रक हाकणारा. कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय आणि गरीब गोरे एकत्र. अंगात साधा काळा शर्ट आणि छातीवर क्रूस. तो तिरका पट्टा तेव्हा फुटबॉलच्या शर्टावर नव्हता. तो चाळीसच्या दशकात ओन्दिनो व्हिएरा या उरुग्वेच्या प्रशिक्षकाच्या काळात आला. लोक या संघाला ‘काळे शर्ट’ म्हणू लागले. (त्याच सुमारास इटलीत मुसोलिनीचे गुंडही काळेच शर्ट घालून फिरत होते. रंगाला स्वतःची अक्कल नसते.)

प्रस्थापितांना हे कसे सोसावे? हरलो असे म्हणता येत नाही, म्हणून नियम आठवले. फुटबॉल हा हौशी खेळ आहे, पैसे घेऊन खेळणे हा गुन्हा आहे, तेव्हा प्रत्येक खेळाडूने आपला पोटापाण्याचा धंदा दाखवावा. आणि तो धंदाही सभ्य हवा, हलके काम चालणार नाही. शिवाय खेळाडूला लिहिता-वाचता आले पाहिजे, सामन्याच्या कागदावर सही करता आली पाहिजे. मारिओ फिल्यो या पत्रकाराने १९४७ साली ब्राझीलच्या फुटबॉलमधील कृष्णवर्णीयांवर पुस्तक लिहिले. त्यात हा सगळा प्रकार आला आहे. वास्कोच्या पोर्तुगीज दुकानदारांनी खेळाडूंना आपल्या दुकानांत नोकर म्हणून दाखवले. सही शिकवायला मास्तर लावला. ज्याचे आडनाव लिहायला अवघड, त्याचे आडनाव सोपे करून टाकले, असेही फिल्यो सांगतात. दिवसभर ओझी वाहून, संध्याकाळी धावून, रात्री आपले नाव गिरवत बसलेला तो माणूस डोळ्यांसमोर आणा. ज्यांच्या बापजाद्यांना अक्षर शिकू दिले नाही, त्यांनाच अक्षर येत नाही म्हणून बाहेर काढायचे! याच चाळणीने त्यांचे मतही गाळले होते. १८९१ च्या राज्यघटनेने निरक्षरांना मत नाकारले आणि ते मिळायला १९८५ साल उजाडावे लागले. ‘गुणवत्ता’ हा शब्द ज्यांना रोज ऐकावा लागतो, त्यांना या चाळणीची ओळख वेगळी करून द्यायला नको.

नियमांतूनही हे लोक पार झाले, तेव्हा १९२४ साली फ्लुमिनेन्स, फ्लामेंगो, बोटाफोगो वगैरे बड्या क्लबांनी वेगळी चूलच मांडली. नव्या संघटनेचे अध्यक्ष होते अर्नाल्दो गिन्ले, धनाढ्य घराण्यातले आणि फ्लुमिनेन्सचे सर्वेसर्वा. वास्कोला सांगण्यात आले, तुम्ही या, पण बारा खेळाडू वगळा. त्यांचा सामाजिक दर्जा आम्हाला चालणार नाही. तुमच्याकडे चांगले मैदान नाही, हाही आक्षेप होताच. त्यावर वास्कोचे अध्यक्ष जोझे ऑगस्टो प्रेस्तेस यांनी ७ एप्रिल १९२४ रोजी पत्र लिहिले. ज्यांनी आम्हाला १९२३ चे विजेतेपद मिळवून दिले, त्या खेळाडूंचा बळी देऊन आम्हाला तुमच्यात यायचे नाही, हे त्या पत्राचे सार. बाराही नावे संघात राहिली. वास्को त्या वर्षी जुन्या, ओस पडलेल्या लीगमध्येच खेळला आणि जिंकला. पुढच्या वर्षी बड्यांनाच त्याला आत घ्यावे लागले, त्याच्या खेळाडूंसह.

आम्ही भाबडे नाही. पत्र लिहिणारे काही क्रांतिकारक नव्हते, व्यापारी होते. त्यांना सामने जिंकायचे होते आणि जिंकून देणारी माणसे हातची घालवायची नव्हती. शिवाय रिओच्या जुन्या घराण्यांत पोर्तुगीज दुकानदारालाही नाके मुरडली जात, तो रागही होताच. असू दे. सोयीचा मार्ग त्यांच्यासमोर उघडा होता. बारा नावे खोडायची आणि बड्यांच्या पंगतीला बसायचे, एवढेच करायचे होते. ते त्यांनी केले नाही. आमच्याकडच्या किती संस्थांनी अशा वेळी बाराच काय, एक तरी नाव वाचवले?

तेच १९२३ साल मुंबईत काय घेऊन आले होते? ४ ऑगस्टला विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर झाला. त्यानंतर आठच दिवसांनी, १२ तारखेला, तिकडे रिओत वास्कोचे विजेतेपद पक्के झाले. आणि याच वर्षी चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधारपद पळवणकर विठ्ठल यांना मिळाले. त्यांचे थोरले बंधू पळवणकर बाळू यांची गोलंदाजी त्या काळात तोड नसलेली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण चर्मकार समाजात जन्म झाला म्हणून पुण्याच्या मैदानावर चहाच्या सुट्टीत त्यांना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई, आणि कर्णधारपद त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. मैदानात अकरा जणांचे पांढरे कपडे सारखे, आणि मैदानाबाहेर येताच भांडे वेगळे. धाकट्या भावाने १९२३ साली कर्णधार होऊन संघाला जिंकून दिले, तोवर बाळूंचा खेळ संपला होता.

आता पोरांच्या त्या पिवळ्या शर्टाकडे येतो. १९५० पर्यंत ब्राझीलचा राष्ट्रीय संघ पांढऱ्या शर्टात खेळत असे, कॉलर निळी. १६ जुलै १९५० रोजी माराकाना मैदानात, आपल्याच घरी, ब्राझील उरुग्वेकडून २-१ असा हरला आणि विश्वचषक गेला. गोलात उभा होता मोआसिर बार्बोझा, वास्कोचा गोलरक्षक, कृष्णवर्णीय. देशाने दोन गुन्हेगार शोधले, एक बार्बोझा आणि दुसरा तो पांढरा शर्ट. शर्टाचा निकाल चटकन लागला. १९५३ साली एका वर्तमानपत्राने झेंड्यातले चारही रंग असलेल्या पोशाखाची स्पर्धा घेतली. आल्दिर गार्सिया श्ली नावाच्या कोवळ्या पोराचे चित्र निवडले गेले आणि १९५४ पासून पिवळा शर्ट, निळी चड्डी सुरू झाली. शर्टाची सुटका झाली, माणसाची झाली नाही. या देशात सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे, मी मात्र पन्नास वर्षे भोगतो आहे, अशा अर्थाचे बार्बोझा म्हातारपणी बोलले होते. ते वारले ७ एप्रिल २००० रोजी. प्रेस्तेस यांच्या पत्राला त्या दिवशी ७६ वर्षे होत होती.

वास्कोचे स्वतःचे मैदान, साओ जानुआरिओ, २१ एप्रिल १९२७ रोजी उघडले. चवदार तळ्याच्या ओंजळीला तेव्हा महिना झाला होता. मैदान नाही म्हणून हिणवले गेले होते, म्हणून समर्थकांनी वर्गणी काढून ते बांधले. तेव्हा ते सबंध दक्षिण अमेरिकेतले सर्वांत मोठे होते. आज त्याच्या भिंतीला लागून बारेइरा दो वास्को नावाची झोपडपट्टी आहे. सामन्याच्या दिवशी खाणेपिणे आणि शर्ट विकून तिथली कितीतरी घरे चालतात. क्लब आता त्या इतिहासाचा अभिमान मिरवतो. २७ जून २०२१ च्या सामन्यात त्याने समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींच्या सन्मानासाठी तोच तिरका पट्टा सप्तरंगी केला, तेव्हा आम्हाला आनंदच झाला. १९२३ च्या आठवणीतले काळे शर्टही दुकानात येतात, अर्थात कंपनीच्या किमतीला.

पण २०२३ साली, म्हणजे त्या विजेतेपदाच्या बरोबर शंभराव्या वर्षी, काय घडले? जूनमध्ये एका सामन्यानंतर मैदानात दंगल झाली आणि प्रेक्षकांना बंदी झाली. दंगलीची शिक्षा समजू शकतो. पण मैदान का धोक्याचे, हे सांगताना न्यायालयीन अहवालात शेजारच्या झोपडपट्टीचे कारण दिले गेले. तिथे गोळीबार ऐकू येतो म्हणे. वस्तीतले लोक रस्त्यावर उतरले, दंगल आम्ही केली का, म्हणून. १९२४ मध्ये दोष होता मैदान नसल्याचा, २०२३ मध्ये दोष ठरला ते मैदान गरिबांच्या शेजारी असल्याचा. सप्टेंबरात बंदी उठली आणि दरवाजे उघडले. मधल्या तीन महिन्यांत बारेइराच्या फेरीवाल्यांनी चूल कशी पेटवली, हे सामन्याच्या बातम्यांत आले नाही.

पुढच्या रविवारी त्या पिवळ्या शर्टातल्या पोरांना आम्ही बार्बोझाची गोष्ट सांगणार आहोत. त्यांच्यातला जो गोलात उभा राहतो, त्याला आधी.