माहितीपट संपल्यानंतर

बीड जिल्ह्यात परळीजवळ धर्मापुरी नावाचे एक प्राचीन गाव आहे. तेथील केदारेश्वराचे चालुक्यकालीन मंदिर पाहण्यासाठी दूरदूरचे अभ्यासक येतात आणि भिंतींवरील शिल्पांपुढे बराच वेळ उभे राहतात. रोज त्याच वाटेने जाणाऱ्याची पावले मात्र तेथे क्वचितच थबकतात. जे नित्य डोळ्यांसमोर असते, ते बहुधा दिसेनासे होते. शिल्पांच्या बाबतीत असे घडले, तर फारसे बिघडत नाही; मुलांच्या बाबतीत घडले, तर फार बिघडते.

बालमजुरीवरील माहितीपट विद्यार्थ्यांना दाखवणे, हा एक चांगला उपक्रम होय. पडद्यावर गालिचे विणणारी, विटा वाहणारी मुले दिसतात. पाहणारे हळहळतात. मग दिवे लागतात आणि सारे घरोघर जातात. परंतु खरे काम तेथूनच सुरू व्हावयास हवे. चित्र दुरून दाखवते. चर्चा जवळ आणते. ‘अशी मुले आपल्या गावात आहेत काय?’ हा प्रश्न कोणी विचारला, म्हणजे वर्गातील एखाद्या रिकाम्या जागेकडे सर्वांची दृष्टी वळते.

बीड जिल्ह्यात अशा जागा पुष्कळ असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल त्यांना तोडलेल्या उसाच्या वजनावर फेडावी लागते. जितके टन अधिक, तितके कर्ज कमी. म्हणून पहाटेपासून नवरा-बायको फडात राबतात आणि मुलांचे हातही कामी येतात. कोणी वाढे गोळा करते, कोणी पाणी आणते, तर दहा-अकरा वर्षांची बहीण कोपीत धाकट्या भावाला सांभाळते. तिला कोणी मजुरी देत नाही. म्हणून तिला कोणी मजूरही म्हणत नाही.

काहीजण म्हणतात, आईबापांना हातभार लावणे हे तर मुलांचे कर्तव्यच आहे. हे खरे आहे. शाळा सुटल्यावर घरच्या कामात मदत करण्यास 2016 साली सुधारलेल्या कायद्याचीही आडकाठी नाही. पण ज्या फडाजवळ शाळाच नाही, तेथे शाळा सुटणार तरी कधी? सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क 2009 च्या कायद्याने दिला आहे. तो हक्क उसाच्या गाडीबरोबर गावाबाहेर जाता कामा नये. तथापि यात आईबापांना दोष देणे अन्यायाचे होईल. मुलांना मागे ठेवावे, तर त्यांना सांभाळणार कोण, हीच त्यांची चिंता असते. हंगामी वसतिगृहे आणि साखरशाळा या चिंतेतूनच निर्माण झाल्या.

केवळ चित्राने जग बदलत नाही. लुईस हाइन या अमेरिकन छायाचित्रकाराने 1908 पासून गिरण्यांतून व खाणींतून फिरून राबणाऱ्या मुलांची छायाचित्रे घेतली. ती पाहून लोक हळहळले. परंतु बालमजुरीला आळा घालणारा टिकाऊ कायदा त्या देशात 1938 साली झाला. मधली तीस वर्षे लोकांना बोलत राहावे लागले, वाद घालावे लागले. आजही हे काम संपलेले नाही. जगात 13 कोटी 80 लक्ष मुले मजुरीत अडकली आहेत, असा 2024 सालचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे.

चर्चा करताना एक पथ्य मात्र पाळावे. फडावरून परतलेले एखादे मूल त्याच वर्गात बसलेले असू शकते. त्याची कीव करू नये आणि त्याला बोलण्याचा आग्रहही धरू नये. ते आपणहून बोलले, तर सर्वांनी लक्षपूर्वक ऐकावे. कारण कोणत्याही माहितीपटापेक्षा त्याला अधिक ठाऊक असते. पाडव्याच्या सुमारास मुले परत येतात, तेव्हा त्यांना वह्या द्याव्यात आणि मागे पडलेला अभ्यास समजावून सांगावा. पुढच्या दिवाळीपूर्वी कोण जाणार आहे, हे ध्यानी ठेवून गुरुजींच्या कानावर घालावे. वर्गातील रिकामी जागा ज्याला सलते, त्यानेच माहितीपट खऱ्या अर्थाने पाहिला.