बिचारा केंडल?

'सक्सेशन'चा विषय निघाला की आमच्या ऑफिसात चहाच्या टेबलावर केंडल रॉयबद्दल हळहळ सुरू होते. "बिचारा, आतून पार पोखरलाय." मला या 'बिचारा'चा राग येतो.

आधी घटना बघू. पहिल्या सीझनचा (२०१८) शेवट. इंग्लंडमध्ये बहिणीच्या लग्नात केंडलला ड्रग्ज हवे असतात. नुकताच कामावरून हाकललेला एक तरुण वेटर सोबत निघतो. रस्त्यात हरीण आडवं येतं, गाडी पाण्यात जाते. केंडल बाहेर पडतो, त्या मुलाला काढायची धडपड करतो, जमत नाही. इथपर्यंत अपघात. मग तो चालत परत येतो, कपडे बदलतो आणि लग्नात नाचतो. हा अपघात नव्हे, निर्णय आहे. केंडलला झाकायचा असतो तो हा निर्णय, आणि आपण रडतो अपघातासाठी.

त्याच्या अपराधगंडाची किंमत कोण वसूल करतं तेही पाहा. वडील, लोगन रॉय, प्रकरण दाबतात आणि बदल्यात मुलाचं बंड मोडतात. वेटरच्या घरी पोचतात त्या दारातून गुपचूप सरकवलेल्या नोटा. तिसऱ्या सीझनच्या शेवटी इटलीत केंडल कोसळून कबुली देतो, पण कुणापुढे? जी भावंडं पोलिसांकडे जाण्याची शक्यता शून्य, त्यांच्यापुढे. भाऊ तर लग्नात ड्रिंक मिळायला किती वेळ लागला यावर विनोद करतो. आणि २०२३च्या शेवटच्या भागात बहीण हाच मृत्यू खुर्चीच्या आड आणते, तेव्हा केंडल सरळ म्हणतो की तसं काही घडलंच नव्हतं. जे दुःख खुर्ची दिसताच पुसता येतं, त्याला पश्चात्ताप कसं म्हणायचं?

"पण मालिकेला हेच तर दाखवायचंय," असं कुणी म्हणेल. मान्य. लेखक जेसी आर्मस्ट्राँग फसलेला नाही; लोगनच्या तोंडी त्यानं 'यात खरा माणूस कुणी नाही' अशा अर्थाचं वाक्य मुद्दाम घातलंय. माझं भांडण आपल्याशी, प्रेक्षकांशी आहे. जेरेमी स्ट्राँगचा पडलेला चेहरा आपल्याला पाठ आहे. त्या वेटरचं नाव अँड्र्यू डॉड्स होतं, हे किती जणांना आठवतं?

१९ मे २०२४ला पुण्यात कल्याणीनगरमध्ये पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचे आरोप झाले. तेव्हा याच चहाच्या टेबलावर कुणी 'बिचारा' म्हणालं नाही. कारण मेलेले आपल्यासारखे होते, आपल्याच क्षेत्रातले. वेटर आपल्यासारखा नसतो. एवढाच फरक.

हे मी उंचावरून बोलत नाहीये. पहिल्या नोकरीत माझ्या एका स्क्रिप्टमुळे काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले. संशय सपोर्टमधल्या कंत्राटी मुलावर गेला. मी दोन दिवस गप्प बसलो. झोप नव्हती, जेवण जात नव्हतं, आणि या तळमळीमुळे मी स्वतःला सज्जन समजत होतो. तिसऱ्या दिवशी सांगितलं, तोवर त्याला प्रोजेक्टवरून काढलं होतं. माझी तळमळ त्याच्या काहीच उपयोगाची नव्हती.

आमच्या धंद्यात गोंधळ झाला की पोस्टमॉर्टेम लिहितात. किती वाजता काय झालं, कुणी काय केलं, कुणाचं किती नुकसान झालं. तुम्हाला किती वाईट वाटलं, हा रकाना त्यात नसतो. आधी मला ते कोरडं वाटायचं. आता वाटतं, अपराधी माणसानं सुरुवात तिथूनच करावी. केंडलकडे त्यानंतरचे तीन सीझन होते. डॉड्सच्या आईबापांपुढे बसून, त्या रात्री काय झालं एवढं सांगायला दहा मिनिटं पुरली असती.

तो ते सांगत नाही. म्हणून माझ्या लेखी तो बिचारा नाही. बिचारे ते आईबाप, ज्यांना दारात पडलेले पैसे कुणी टाकले हे कधीच कळलं नाही.