उंबरठ्यावर अडणारे दावे

बॅलार्ड इस्टेटवरील मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतील एका महिला लघुलेखिकेची नोकरी १९७७ मध्ये संपुष्टात आली. तेच काम करणाऱ्या पुरुष लघुलेखकांहून आपल्याला कमी वेतन मिळाले, अशी तक्रार तिने १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली केली. दोघांचे काम सारखेच असल्याचे पहिल्या अधिकाऱ्यानेही मान्य केले. तरी तक्रार फेटाळली गेली. कारण काय, तर १९७५ मध्ये कामगार संघटनेशी झालेल्या करारात ही वेतनश्रेणी ठरलेली होती. ज्या संघटनेने तिची बाजू लढवायची, तिच्याच सहीचा कागद तिच्या आड यावा! पुढे अपिलात तिला न्याय मिळाला आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ऐपत नसल्याची कंपनीची सबबही न्यायालयाने मानली नाही. दरम्यान दहा वर्षे उलटली होती.

अन्याय उघड दिसत असला की न्यायालय ऐकणारच, असा गिरगाव-दादरच्या पांढरपेशा घरांतला भाबडा समज असतो. प्रत्यक्षात न्यायालय आधी निराळेच विचारते. दाद मागणारा कोण, कोणाविरुद्ध, कोणत्या कायद्याखाली आणि किती दिवसांनी? नोकरीत समान संधीची हमी देणारे घटनेचे १६ वे कलम शासनाला बांधते, खासगी मालकाला नव्हे. 'साहेब माझ्यावर खार खातात' ही व्यथा खरी असेल, पण ती दाव्याचे कारण होत नाही.

परळ-लालबागच्या कामगारांना १९७१ चा महाराष्ट्राचा कायदा ठाऊक होता. गुणवत्ता डावलून एका गटावर मेहेरनजर करणे ही त्याने अनुचित कामगार प्रथा ठरवली. मात्र तक्रारीला मुदत घातली ९० दिवसांची. आमचा माणूस आधी साहेबांची मनधरणी करतो, मग नगरसेवकाकडे जातो आणि वकिलाकडे पोहोचतो तेव्हा वर्ष सरलेले असते. पर्यवेक्षकाचा हुद्दा स्वीकारलेला तर 'कामगार' या व्याख्येतूनच बाहेर पडू शकतो. वाढीव पदनामाचे पेढे वाटताना हे कोणाच्या ध्यानात येते?

सर्वांत बिकट अवस्था कंत्राटी कामगाराची. सिप्ला कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्पष्ट केले, की मालक-नोकर हे नातेच वादग्रस्त असेल तर या कायद्याखालील न्यायालयाला त्याचा निवाडा करता येत नाही; ते नाते आधी अन्यत्र सिद्ध करावे लागेल. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये आणि कचेऱ्यांत झाडलोट करणाऱ्या, पहारा देणाऱ्या अनेकांच्या वेतनचिठ्ठीवर तिसऱ्याचेच नाव असते. भेदभाव झाला की नाही, हा प्रश्न मग न्यायाधीशांपुढे येतच नाही.

लघुलेखिकेचा दावा अखेर टिकला, कारण तुलनेसाठी तेच काम करणारे पुरुष त्याच कंपनीत होते. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना १९८१ मध्ये गर्भारपणी नोकरी घालवणारी अट रद्द करून मिळाली. पण पुरुष कर्मचाऱ्यांशी बरोबरीचा त्यांचा मुद्दा 'हा संवर्गच वेगळा' म्हणून अमान्य झाला. कामगार क्षेत्रातील कार्यकर्त्याने पीडिताच्या घरी पहिल्या भेटीतच नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठ्या आणि घटनेची तारीख मागून घ्यावी; सांत्वनाचा चहा नंतर घेता येईल.