यकृत वाढते, पण देणाऱ्याचे काय?

'काळीज' म्हटले की आपण छातीवर हात ठेवतो. मटणाच्या दुकानात कलेजी मागतो तेव्हा मात्र मिळते ते यकृत. या यकृताबद्दल हल्ली एक वाक्य सर्रास कानी येते : "लिव्हर काय, कापले तरी परत वाढते!" वाक्य खरे आहे, पण अर्धे. उरलेले अर्धे घरातल्या बायामाणसांना ठाऊक असावे म्हणून हा लेखनप्रपंच.

१९३१ साली हिगिन्स व अँडरसन या अमेरिकन संशोधकांनी उंदरांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग कापून काढला. आठ-दहा दिवसांत वजन जवळजवळ पहिल्याइतके भरले. पण पालीचे शेपूट फुटते तसा कापलेला तुकडा पुन्हा फुटत नाही. उरलेल्या भागातल्या पेशी दुणावतात आणि तोच भाग मोठा होतो. माणसाला याला काही महिने लागतात.

मग दारूने किंवा काविळीच्या 'ब' व 'क' विषाणूंनी नासलेले यकृत का भरून येत नाही? वर्षानुवर्षे मार बसला की पेशींच्या जागी व्रणासारखे कठीण जाळे साठते. यालाच सिऱ्होसिस म्हणतात. त्यात नव्या पेशींना वाव उरत नाही. फार पुढे गेले की प्रत्यारोपण हाच मार्ग.

तो मार्ग सोपा नव्हता. डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली डेन्व्हर येथे पहिला प्रयत्न केला. तीन वर्षांचे ते बालक शस्त्रक्रियेतच दगावले. वर्षाहून अधिक जगलेला रुग्ण १९६७ सालचा. पुढे सायक्लोस्पोरिन आले आणि चित्र पालटले. आज चांगल्या केंद्रांत शंभरातले ८५ ते ९० रुग्ण वर्ष पार करतात. गोळ्या मात्र जन्मभर, आणि खर्च वीस लाखांच्या घरात. आमच्यासारख्या कारकुनाने हा आकडा खतावणीत कुठल्या पानावर मांडायचा?

भारतात पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९९८ साली दिल्लीत झाले. आपल्याकडे बहुतेक यकृते जिवंत नातलगांकडून येतात, आणि देणाऱ्यांत बायका अधिक. पिणारा नवरा, देणारी बायको. कधी आई, कधी बहीण. "वाढतेच की परत," असे तिला सांगणारे तिला हे सांगत नाहीत की दात्याच्या जिवालाही धोका असतो. उजवा मोठा भाग काढताना हजारांत दोन ते पाच दाते दगावल्याची नोंद आहे. पोटावर मोठी चीर, दोन-तीन महिने जड काम बंद. तोवर हंडे कोण भरणार, हे आधी ठरवावे.

१९९४ च्या कायद्याप्रमाणे संमती दात्याच्या स्वेच्छेचीच हवी. अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. तपासणीच्या वेळी तिने डॉक्टरांशी एकटीने बोलायला मागावे. तिथे ती 'नाही' म्हणाली, तर ती दाता म्हणून योग्य नाही एवढेच घरच्यांना सांगण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे.