पुढच्या स्प्रॉकेटचा एक दाता
यंत्रमार्ग : सारथी

मोटारसायकल चढावर ओढेनाशी झाली की पुढच्या स्प्रॉकेटचा एक दाता कमी करावा, म्हणजे पिकअप वाढून काम फत्ते होते, असा सल्ला घाटवाटांवरच्या गॅरेजांतून सर्रास दिला जातो. उपाय खोटा नाही. तथापि तो कोणाच्या कामाचा आणि कोणाच्या नाही याचा हिशेब न मांडता त्याची सरसकट शिफारस व्हावी, याची मला मनापासून खंत वाटते, कारण हा हिशेब शाळेतल्या त्रैराशिकापलीकडचा नाही.

प्रथम एक गोष्ट निश्चित समजून घेतली पाहिजे की, दात्यांच्या अदलाबदलीने इंजिनाची शक्ती तिळमात्र वाढत नाही. रुपयाची मोड आणली म्हणजे खिशातली नाणी वाढतात, ऐवज वाढत नाही. तद्वत चाकाच्या फेऱ्या कमी करून त्याच शक्तीतून चाकावरचा टॉर्क तेवढा वाढवून घेता येतो. ही मोड तीन ठिकाणी होते : इंजिनाकडून क्लचकडे जाताना, गिअरबॉक्समध्ये आणि अखेरीस साखळीवर. चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या केटीएम ड्यूक ३९० या गाडीच्या पहिल्या पिढीचा दाखला घेऊ. क्लचकडे जाताना ३० दात्यांचे चक्र ८० दात्यांच्या चक्राला फिरवते. पहिल्या गिअरमध्ये १२ दाते ३२ दात्यांना, सहाव्यात २५ दाते २१ दात्यांना. आणि साखळीवर पुढे १५, मागे ४५. या तिन्हींचा गुणाकार केला असता पहिल्या गिअरमध्ये मागचे चाक एकदा फिरण्यास इंजिनाला सुमारे २१.३ फेरे घ्यावे लागतात, सहाव्यात अवघे ६.७.

आता पुढे १५ ऐवजी १४ दाते बसवले, तर सर्वच गिअरांत टॉर्कची वाढ सुमारे ७ टक्के होते. ही वाढ मोठी की लहान, हे ठरवण्यास गिअरबॉक्सचेच माप लावावे. याच गाडीत तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उतरले की चाकावरचा टॉर्क सुमारे ३१ टक्क्यांनी वाढतो; म्हणजे डाव्या पायाच्या एका दाबाने जे मिळते त्याचा जेमतेम चौथा हिस्सा या बदललेल्या दात्याने मिळतो. घाटातल्या वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी धापा टाकत असेल, तर तिला नवा स्प्रॉकेट नको असून दुसरा गिअर हवा आहे, आणि तो मालकाने गाडी घेतानाच विकत घेतलेला आहे. माझे स्पष्ट मत असे की, दात्याच्या बदलाचा परिणाम खरा जाणवतो तो मुख्यतः दोन टोकांना : जिथे पहिल्याच्या खाली उतरायला गिअर उरत नाही तिथे, आणि जिथे शेवटच्या गिअरवर गाडी दीर्घकाळ धावायची आहे तिथे.

पहिल्या टोकाचा खरा हक्कदार म्हणजे दोन्ही बाजूंना भरलेले कॅन अडकवून डोंगरउतारावरच्या वाडीतून डेअरीकडे निघणारा दूधवाला. ऐन चढावर थांबून पुन्हा निघताना इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला क्लच अर्धवट दाबून गाडी रेटावी लागते आणि त्या घर्षणात क्लचच्या प्लेटा जळतात. त्याच्या गाडीला पुढचा एक दाता कमी केला तर क्लच लवकर पूर्ण सोडता येतो आणि प्लेटांचे आयुष्य वाढते. कारखानदार सबंध देशासाठी एकच प्रमाण ठरवतो. त्याच्या डोळ्यांपुढे ही वाट असण्याचे कारण नाही, तेव्हा ती तजवीज दूधवाल्यानेच करून घ्यावी हे सर्वथा न्याय्य आहे.

याउलट, ज्याचा बहुतेक प्रवास महामार्गावर होतो त्याला हाच बदल महाग पडतो. वर सांगितलेल्या गाडीत सहाव्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असता वेग ताशी सुमारे १०३ किलोमीटर भरतो. एक दाता कमी होताच तो ९६ वर येतो. पूर्वीचाच वेग राखायचा तर इंजिनाला मिनिटाला चारशेहून अधिक जादा फेरे घ्यावे लागतात, आणि त्यांचा भार हँडलच्या थरथरीत व पेट्रोलच्या खर्चात दिसू लागतो.

साखळीचा विचार तर या व्यवहारात कोणी करतच नाही. स्प्रॉकेट म्हणजे वस्तुतः बहुभुज. दाते जितके कमी, तितकी प्रत्येक कडी अधिक वाकते आणि साखळीची गती अधिक हेलकावते. हे हेलकावे १५ दात्यांवर सुमारे २.२ टक्के असतात, १४ वर २.५. शिवाय हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली पेटंट घेतलेल्या रोलर साखळीच्या रचनेत आतली आणि बाहेरची कडी आलटून पालटून येत असल्यामुळे कड्यांची संख्या सम असते. स्प्रॉकेटचे दातेही सम झाले की एका दात्याच्या वाट्याला कायम आतल्याच कड्या येतात, शेजारच्याच्या वाट्याला बाहेरच्याच. समजा साखळी ११२ कड्यांची आहे : १५ दात्यांवर प्रत्येक दाता कालांतराने प्रत्येक कडीला भेटतो, तर १४ दात्यांवर त्याच त्या ८ कड्यांना, आणि झीज सर्वत्र सारखी वाटली जात नाही.

म्हणून ज्याला बदल खरोखरच हवा आहे त्याने पुढचा एक दाता घटवण्याऐवजी मागचे तीन वाढवावेत, असे मी सुचवीन. ४८ भागिले १५ म्हणजे ३.२, आणि ४५ भागिले १४ म्हणजे ३.२१, तेव्हा फळ जवळजवळ तेच. यात खर्च अधिक, कारण मागचे चक्र मोठे झाले की जुनी साखळी बहुधा अपुरी पडते आणि दोन कड्या जास्त असलेली नवी घ्यावी लागते. परंतु झिजून लांबलेली साखळी नव्या स्प्रॉकेटवर चढवली तर ती त्याचे दाते अल्पावधीत कुरतडते, त्यामुळे दोन्ही स्प्रॉकेट आणि साखळी यांचा संच एकदमच बदलावा लागतो. हा फेरबदल जुना संच झिजून संपण्याच्या वेळेलाच केला, तर जादा खर्च फारसा उरत नाही.