हिशेब कुठं हाये?

दोस्तांनो, आधी माझा गुन्हा सांगतो. मग तुमच्याकडं वळतो.

ऑगस्ट २०१९. गोदावरी चढली आणि आमचं सायखेडा, शेजारचं चांदोरी पाण्यात गेलं. २०१६ सालीही असंच गेलं होतं. मी मुंबईत होतो. पोरांनी वर्गणी काढली, ती घेऊन मी गावी आलो. तांदूळ, चादरी, औषधं वाटली. उरलेले नऊशे रुपये खिशातच राहिले. चहा, सिगारेट, आणि एका संध्याकाळचं तर नाव घेत नाही. त्याच आठवड्यात वस्तीत उभा राहून पुढाऱ्यांच्या खाबूगिरीवर भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या. आत्या दारातला गाळ उपसत होती. फावडं न थांबवता बोलली, "भाषन झ्याक झालं रे. पर हिशेब कुठं हाये?"

डोकं सणकलं. कोटी खाणारे मोकळे, आन् ही मला नऊशे विचारते!

रात्री धुऊन काढलेल्या विहारात वंदना झाली. दुसरं शील आलं : दिल्याशिवाय घेणार नाही. शेवटचा शब्द जिभेवर अडकला. समादियामि. म्हणजे, मी ग्रहण करतो. मी, एकटा. शरण जाताना ‘गच्छामि’ म्हणतो तेही तसंच. ‘आम्ही जातो’ म्हणायचं असतं तर ‘गच्छाम’ झालं असतं. हजार माणसं एका सुरात म्हणोत, शब्द ज्याचा त्यानंच द्यायचा असतो.

बाबासाहेबांनीही हेच केलं. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात, आमच्याच जिल्ह्यात, हिंदू म्हणून मरणार नाही हे ते स्वतःबद्दल बोलले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातही ‘मी’. चोरी करणार नाही, मी. दारू पिणार नाही, मी. आपल्या घोषणांत मात्र जिकडंतिकडं ‘आम्ही’. गर्दीतलं ‘आम्ही’ सोपं असतं. तिथं कुणालाच हिशेब द्यावा लागत नाही.

आता कुणी शहाणा म्हणेल, बघा, आम्ही हेच सांगत होतो, आधी स्वतः सुधारा, मग हक्क मागा. त्याला सांगा, चूप. २ मार्च १९३० ला नाशिकात काळारामाच्या दाराशी उभं राहायला आपल्या लोकांना सदाचाराचा दाखला लागत नव्हता. हक्क म्हणजे चांगल्या वागणुकीची बक्षिसी नाही. गरिबी ही गेल्या जन्मीच्या पापाची शिक्षा, हा कर्माचा धंदा तर बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये मोडीतच काढला. जात ज्यांनी लादली, त्यांना जाब विचारायचाच. रोज विचारायचा. पण माझ्या खिशातले नऊशे कुठल्या मनूनं नेले नव्हते. मीच खाल्ले. बुद्ध मार्गदाता, मोक्षदाता नव्हे. रस्ता त्यानं दाखवला, चालायचं आपल्या पायांनी.

सकाळी वहीचा कागद फाडला. आलेले किती, वाटलेले किती, खाल्लेले किती, तिन्ही आकडे लिहून विहाराच्या भिंतीला चिकटवले. पुढच्या पगाराला नऊशे भरले. दोन पोरं फिदीफिदी हसली. एक दोस्त बोलायचा बंद झाला, कारण त्या संध्याकाळी तोही होता. आत्या काहीच बोलली नाही. तिला वाचता येत नाही, पण नातीकडून कागद दोनदा वाचून घेतला म्हणे. नंतरच्या एका जयंतीला वर्गणीचा कागद त्याच भिंतीवर लागला. कुणाला सांगावं लागलं नाही.

आता तुम्ही. तुमचं खरकटं ताट घरात कोण उचलतं? बहीणच ना? जयंतीच्या रात्री बाटली कोण आणतं? मंडळाचं पावतीपुस्तक कुणाच्या खाटेखाली पडलंय? मोर्चाला या. जरूर या, पुढच्या रांगेत या. पण घरातून निघताना आत्याचा सवाल एकदा स्वतःला विचारा.

जय भीम.